शिक्षक पतसंस्थेच्या चेअरमन साहेबांना आणि संचालक मंडळाला खुलं पत्र : गंभीर आजाराच्या विम्याचे पैसे आधी आजारी माणसाच्या हातात द्या

मा. चेअरमन साहेब, सचिव सर आणि सर्व संचालक बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

सर्वसाधारण सभेची नोटीस मिळाली. विषय क्रमांक 7 दोनदा वाचला. सभासदांसाठी गट गंभीर आजार विमा, प्रत्येकी 5 लाखाचं कव्हर, हप्ता पगारातून कपात, सोबत कंपनीचं रंगीत पत्रक आणि त्यावर 22 आजारांची यादी. आधीच सांगून टाकतो की मी विषयाच्या विरोधात नाहीये, उलट हा विषय आपल्या संस्थेत फार आधी यायला पाहिजे होता. पण नोटिशीच्या मागच्या पानावर एक ओळ आहे, क्लेमची रक्कम "प्रथम सभासदाच्या येणे कर्जात वर्ग करण्यात येईल व शिल्लक रक्कम सभासदास अदा करण्यात येईल". माझा सगळा आक्षेप या एका ओळीला आहे. सभेत उभं राहून बोलायला गेलं की माइक फिरत फिरत भलतीकडेच जातो आणि मागून कोणीतरी "मंजूर, मंजूर" ओरडतं, जेवणाची वेळ झालेली असते, म्हणून आधीच सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

मुळात हा विमा कशासाठी असतो ते बघू, कारण स्टाफरूममधल्या चर्चा ऐकल्या तर निम्म्या लोकांना हे दुसरं मेडिक्लेमच वाटतंय. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल देतो, जेवढं बिल तेवढं, कव्हरच्या मर्यादेत. हा विमा बिल विचारतच नाही. यादीतला आजार झाला, तो व्याख्येत बसला, की ठरलेली रक्कम एकदम हातात. तुमचं बिल दोन लाख होवो की बारा लाख, पाच म्हणजे पाच. ते पैसे औषधाला वापरा, घरभाड्याला वापरा, पोराच्या कॉलेजच्या फीला वापरा, कंपनी हिशोब मागत नाही. आणि मेडिक्लेम दुसरीकडून मिळाला म्हणून हे पैसे अडत नाहीत, एखाद्याकडे असे दोन विमे असतील तर दोन्हीकडून पूर्ण रक्कम मिळते.

ही कल्पना काढली ती एका सर्जननं. डॉ. मारियस बर्नार्ड, दक्षिण आफ्रिकेचे. केपटाऊनला 1967 साली माणसाचं हृदय बदलायचं पहिलं ऑपरेशन ज्यांनी केलं त्या ख्रिश्चन बर्नार्ड यांचे हे धाकटे भाऊ, त्या टीममध्ये हेही होते. त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशन झालेला पेशंट जिवंत घरी जातो खरा, पण काम थांबलेलं, उत्पन्न थांबलेलं, घर पैशानं बुडतं आणि अर्धवट बरा झालेला माणूस परत कामाला जुंपला जातो. मेल्यावर पैसे देणारा विमा होता, दवाखान्याचं बिल देणारा विमा होता, पण आजारातून वाचलेल्या माणसाला जगायला पैसे देणारा नव्हता. तो त्यांच्या खटपटीनं 1983 मध्ये तिकडे सुरू झाला. सुरुवातीला यादीत चारच गोष्टी, हार्ट अटॅक, कॅन्सर, स्ट्रोक आणि बायपास. म्हणजे जन्मापासून या विम्याचा हेतू आहे तो आजारी माणसाच्या पुढच्या एकदोन वर्षांची सोय. सावकाराची वसुली हा हेतू नाही. सावकार म्हटलं म्हणून रागावू नका, आपली संस्थाच आहे, पण ती ओळ वाचून दुसरा शब्द सुचत नाही.

आता आपल्या लोकांचं काय होतं ते बघा. आपल्यातल्या एका सरांना जबड्याचा कॅन्सर निघाला, नाव सांगत नाही, सगळ्यांना माहिती आहे. ऑपरेशन झालं मुंबईला, परळला. बिलाचं कसंतरी जमतं हो, थोडी पुंजी, थोडी उसनवारी, नंतर वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्ताव, तो पंचायत समितीत जातो, त्रुटी निघून परत येतो, परत जातो, पण कधीतरी मिळतात पैसे. ज्याचं बिलच नसतं त्या खर्चाची प्रतिपूर्ती कोण करणार? ऑपरेशननंतर रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. म्हणजे परभणीचा माणूस दीड महिना मुंबईत राहणार. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर भाड्याची खोली. सोबत बायको. पोरं इकडे मामाकडे. देवगिरी एक्स्प्रेसची तिकिटं, टॅक्सी, पातळ खाणं, मिक्सर, महिन्यामहिन्याला चेकअपच्या चकरा. यातल्या कशाचीच पावती प्रस्तावाला चालत नाही.

आणि पगार. आपल्याला दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत म्हणून बाकी खात्यांसारखी अर्जित रजा आपल्या खात्यावर फारशी पडत नाही. आपली खरी शिल्लक म्हणजे अर्धवेतनी रजा, वर्षाला 20 दिवस. मेडिकल सर्टिफिकेट जोडून परिवर्तित केली तर पूर्ण पगार मिळतो पण रजा दुप्पट खर्ची पडते. नाही केली तर अर्धा पगार, आणि शिल्लक संपली की असाधारण रजा, बिनपगारी. पण आपल्या संस्थेचा कर्जाचा हप्ता मात्र पूर्णच कापला जातो. अर्ध्या पगारातून पूर्ण हप्ता गेला की हातात काय येतं याचं गणित आपण पाचवीच्या पोरांना घालू शकतो.

अशा वेळी त्या माणसाला पाच लाख मंजूर झाले आणि त्याचं आपल्याकडे आठ लाख कर्ज बाकी आहे असं समजा. तुमच्या ओळीप्रमाणे पाचचे पाच लाख कर्जखात्यात. त्याच्या हातात शून्य. वर तीन लाख बाकी आहेतच, म्हणजे कपातही चालू. त्याला खोलीचं भाडं द्यायला परत कुणाकडे तरी हात पसरायचाय. विम्याचा हप्ता कुणी भरला, त्यानं. आजारी कोण पडलं, तो. आणि पैसे कुणाला मिळाले तर संस्थेला. मग सरळ नोटिशीत लिहा ना की संस्थेच्या कर्जाचा विमा उतरवतोय आणि हप्ता सभासद भरणार आहेत, बघू किती जण मंजूर म्हणतात.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. जामीनदारांचा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे एकाचं कर्ज म्हणजे दोन जामीनदार, आणि कर्जदार बिनपगारी झाला की कपात जामीनदारांच्या पगारातून सुरू होते, मग ज्यांनी मैत्रीखातर सही केली ते दवाखान्यात भेटायला जायचंही टाळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यावर उपाय आजारी माणसाचे पैसे उचलणं हा नाही. त्याला पैसे हातात मिळाले तर तोच हप्ते भरेल, निदान वर्षभर तरी, आणि जामीनदार आपोआप सुटतील. शिवाय मोठा आजार सिद्ध झालेल्या सभासदाचे सहा महिने हप्ते पुढे ढकलायचा ठराव संचालक मंडळ आणू शकतं, त्याला विमा कंपनी लागत नाही. मयत सभासदाच्या कर्जासाठी आपला कल्याण निधी आहेच, तो वाढवा, किंवा कर्जरकमेएवढा साधा टर्म विमा, म्हणजे माणूस गेल्यावर पैसे देणारा, वेगळा काढा, त्याचा हप्ता कर्जाच्या व्याजात धरा. आणि एखाद्याला खरंच वाटत असेल की माझे पैसे कर्जात टाका तर त्याला क्लेमच्या वेळी तसं लिहून देता येईल. आज निरोगी असताना सरसकट सगळ्यांकडून सही घेऊन ठेवू नका.

हे झालं मुख्य. पण पत्र लिहायलाच बसलोय तर त्या रंगीत पत्रकाबद्दलही बोलतो, कारण उद्या क्लेम नाकारला गेला की लोक कंपनीला नाही, तुम्हालाच शिव्या घालणार आहेत.

पत्रकावर नुसती नावं आहेत. कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी. वाचणाऱ्याला वाटतं हे झालं की पैसे. तसं नसतं. आयआरडीएआय म्हणजे हैदराबादचं विमा प्राधिकरण, त्यांनी 2016 मध्ये 22 आजारांच्या ठराविक व्याख्या लावून दिल्यात आणि सगळा खेळ त्या व्याख्यांत आहे. सगळ्यात मोठा घोळ हार्टचा. अँजिओप्लास्टीची व्याख्या त्या 22 मध्ये आहे खरी, पण तेवढ्यानं प्रत्येक पॉलिसीत तिचे पूर्ण पैसे मिळतीलच असं नाही! बायपासच्या व्याख्येत तर सरळ लिहिलंय की अँजिओप्लास्टी वगळून. छातीत जड वाटलं, तपासलं, ब्लॉकेज निघालं, स्टेंट टाकला, घरी आला, अशा माणसाला असल्या बऱ्याच विम्यांतून काही मिळत नाही, काही कंपन्या त्यासाठी वेगळी छोटी रक्कम देतात तेवढंच. मात्र आधी खरा अटॅक आला आणि मग स्टेंट टाकला असेल तर अटॅकच्या नावानं क्लेम होऊ शकतो. त्यासाठी लक्षणं, ईसीजीत नवीन बदल आणि रक्तात ट्रोपोनिनसारखं हृदयाच्या इजेचं प्रथिन वाढलेलं, हे सगळं कागदावर पाहिजे. म्हणून दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्डासोबत पहिल्या दिवसाचा ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट मागून घ्यायचे, हे सभेत एकदा मोठ्यानं सांगा, त्यानं जेवढा फायदा होईल तेवढा पत्रकानं होणार नाही. मागे आपल्या शेजारच्या केंद्रातल्या एका गुरुजींचा दुसऱ्या एका पॉलिसीचा क्लेम असाच गेला. स्टेंट होते, अटॅक नव्हता, एजंटनं विकताना "हार्टचं सगळं कव्हर आहे" एवढंच सांगितलेलं.

कॅन्सरचंही तेच. पसरणारा, आजूबाजूच्या पेशी नष्ट करणारा कॅन्सर पाहिजे. अगदी सुरुवातीचा, जागच्या जागी असलेला, ज्याला रिपोर्टवर कार्सिनोमा इन सिटू लिहितात, तो वगळलेला आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरआधीच्या पायऱ्या, सीआयएन 2, सीआयएन 3, वगळलेल्या. थायरॉइडचा छोटा, न पसरलेला कॅन्सर वगळलेला. आपल्या मॅडम मंडळींना तर हे आधी कळायला पाहिजे, कारण मॅमोग्राफी करून कॅन्सर लवकर पकडला तर जीव वाचतो पण क्लेम मिळेलच असं नाही. तपासणी लवकरच करा हे वेगळं सांगायला नको, पैशासाठी कोणी थांबू नये. पण हे माहिती असलेलं बरं.

लकव्याला तीन महिने. म्हणजे स्ट्रोकमुळे झालेली कमजोरी किमान तीन महिने टिकली पाहिजे आणि कायमची आहे असं दिसलं पाहिजे. तोंड वाकडं झालं, हात गेला आणि दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर आलं, तर तो टीआयए, तो धरत नाहीत. किडनीला दोन्ही किडन्या कायमच्या निकामी आणि नियमित डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांट. कोमाला 96 तास. भाजण्याला शरीराचा किमान 20 टक्के भाग. बाकीचे बरेचसे आजार आपल्या तालुक्यात क्वचितच दिसणारे आहेत, त्यामुळे उद्या दुसरी कंपनी येऊन म्हणाली की आम्ही 22 च्या जागी 40 आजार देतो तर आकड्याला भुलू नका, ती व्याख्या कशी लिहिते आणि अँजिओप्लास्टीला, सुरुवातीच्या कॅन्सरला काही देते का ते विचारा.

दोन मुदती. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिल्या 90 दिवसांत आजार निघाला तर सहसा काही नाही. आणि निदान झाल्यावर माणूस ठराविक दिवस जगला पाहिजे, सगळ्यात जास्त चालणारी अट 30 दिवसांची. अटॅक आला आणि माणूस दारातच गेला तर हा विमा देत नाही, ते काम टर्म विम्याचं. ऐकायला निर्दयी वाटतं पण हा विमा वाचलेल्यासाठीच बनवलाय, वर सांगितलंच. मात्र ही 30 दिवसांची अट काही ठिकाणी 15 किंवा 7 दिवसांचीही असते. गट मोठा आहे, आपले सभासद काही कमी नाहीत, कंपनी आपल्या दारात आलीय, आपण तिच्या नाही, तर ही अट कमी करून मागायला काय हरकत आहे? हप्ता दहावीस रुपयांनी खाली पाडण्यापेक्षा मी हे मागेन.

मग गट विम्याचा आपला आपला तोटा. पॉलिसीची मालक संस्था, आपण नुसते तिच्या यादीतले लोक. दरवर्षी नूतनीकरण, आणि क्लेम जास्त गेले की पुढच्या वर्षी दर वाढणार किंवा कंपनी नको म्हणणार. आणि आपण 58 ला रिटायर होतो. सभासदत्व गेलं की कव्हर गेलं. म्हणजे तिशीत, चाळिशीत हप्ते भरा आणि अटॅक-कॅन्सरची भीती खरी वाढते त्या वयात मोकळे. रिटायर सभासदाला पुढे स्वतःच्या नावावर विमा चालू ठेवता येईल का, कोणत्या दरानं, हे कंपनीकडून लेखी घ्या. तरुण सभासदांनी माझं ऐकलं तर वैयक्तिक पॉलिसीचा दरही काढून बघावा, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, गट विम्यावर तो 18 टक्के तसाच आहे. गट स्वस्तच पडेल बहुतेक, पण तुलना तरी करा. ज्यांच्या टर्म प्लॅनला गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे जोड-कव्हर, आधीच आहे त्यांनी तो कुठल्या प्रकारचा आहे ते बघावं. एका प्रकारात 50 लाखाच्या टर्ममधून 10 लाख आजाराला मिळाले की घरच्यांसाठी 40 लाखच उरतात, दुसऱ्यात ते 10 लाख वेगळे असतात. एजंट लोक विकताना हे सांगत नाहीत, विचारलं की सांगतात.

म्हणून कपात सक्तीची नको. आणि शिक्षणसेवक पोरांचा विचार करा, त्यांना 16 ते 20 हजार मानधन, त्यांच्याकडे साधा मेडिक्लेमही नाही. त्यांना आधी मेडिक्लेम पाहिजे, हा विमा त्याच्या वरचा थर आहे. दवाखान्याच्या बिलाला महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखापर्यंत सोय आहे, यादीतल्या दवाखान्यात, यादीतल्या उपचारांना, ते तरी त्यांना नीट समजावून सांगा, सभेत दहा मिनिटं त्यासाठी ठेवली तर बिघडलं काय.

कागदांचं बोलतो आणि संपवतो. 1 जानेवारी 2024 पासून प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यायचं बंधन आहे, काय मिळतं, काय नाही, मुदती किती, तक्रार कुठे, सगळं सोप्या भाषेत, आणि मागितलं तर स्थानिक भाषेत. संस्थेनं ते मराठीत मागून घ्यावं आणि सभेच्या आधी प्रत्येक शाळेत पाठवावं. हे रंगीत पत्रक नाही, ते. पॉलिसी झाली तर प्रत्येकाला विम्याचं प्रमाणपत्र हातात मिळावं. कंपनीला प्रत्येकामागे किती हप्ता जातो आणि आमच्या पगारातून किती कापला जातो हे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत, दोन्ही सारखेच असतील याची मला खात्री आहे, छापलं म्हणजे बाकीच्यांनाही होईल. क्लेम नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्याला आणि मुंबईला कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखापर्यंतची प्रकरणं घेतात, गट विम्यातल्या सभासदालाही जाता येतं, फक्त कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत. संस्थेनं एक माणूस या कामाला नेमावा जो क्लेमची फाइल भरायला मदत करेल, कारण घरात केमो चालू असताना बायकोनं परभणीच्या ऑफिसात झेरॉक्सच्या चकरा मारायच्या का?

तर माझी मागणी अशी की विषय 7 मधली कर्जात वर्ग करण्याची ओळ काढून टाकावी, तसा दुरुस्ती ठराव मी सभेत मांडणार आहे, दोन सरांनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय. ओळ काढली तर पहिली सही माझी. नाही काढली तर मतदान मागणार, हात वर करून नाही, चिठ्ठीनं, म्हणजे ज्यांचं कर्ज मंजुरीला थांबलंय त्यांनाही मोकळेपणानं मत देता येईल.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक जुना सभासद, जि. प. प्राथमिक शाळा

ता. क. : आरोग्याचं घोषणापत्र केंद्रशाळेत गठ्ठ्यानं भरून घेणार असं ऐकलं, म्हणजे एकानं सगळ्यांच्या फॉर्मवर बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही अशा टिका मारायच्या आणि बाकीच्यांनी खाली सह्या करायच्या. असं करू नका. सलग 5 वर्षं पॉलिसी चालल्यावर फसवणूक सोडून बाकी कारणानं, माहिती लपवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, 2024 च्या आधी तर ही मुदत 8 वर्षं होती. पण त्या पाच वर्षांच्या आत कंपनी सगळ्यात आधी जुनी औषधाची चिठ्ठीच शोधते. ज्याला शुगरची गोळी चालू आहे त्यानं स्वतःच्या हातानं "होय" लिहावं, आणि भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.